टेंभीपोड उठला तो दिवस

मी पोहोचले तेव्हा मारू नाईक स्वतःच्याच घरावर चढून छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवत होता. खाली त्याची बायको भिमाक्का एकेक कवेलू झेलून भिंतीशी रचत होती. शेजारच्या दोन घरांची छपरं तर केव्हाच उघडी पडली होती आणि आत चुलीवर सरळ ऊन पडलं होतं.

सात किलोमीटरचा चढ चढून आले होते मी. खांद्याला लशींचा थंड डबा, टाळू तापलेली, चपलेचा अंगठा तुटलेला. तोंडातून रामराम निघणं शक्यच नव्हतं.

"नाईक! अक्कल विकून खाल्ली काय रे? काय चाललंय हे?"

मारूनं वरूनच घाम पुसला. "पोड उठून राह्यला, बाई."

"उठून राह्यला म्हणजे? कुठं?"

"पल्याड. टेकडीच्या मांगं नाला हाय ना, तथी. आमच्या आज्याची जुनी जागा हाय थी."

"आणि मला कोण सांगणार होतं हे?"

"तुलेच सांगाले थांबलो ना," तो म्हणाला. "आज तुई यायची पाळी हाय, माईत होतं. नाई तं सकाळीच निघालो असतो."

आंध्राच्या सीमेला लागून असलेल्या त्या डोंगरात कोलाम लोकांच्या वस्तीला पोड म्हणतात आणि पोडाच्या मुखियाला नाईक. मी तिथली नर्स, कुंदा येरगुडे. अकरा गावं आणि तीन पोड माझ्याकडे. कोलामाच्या तोंडात 'तुम्ही' नसतं. कलेक्टर आला तरी त्याला 'तू बस' म्हणतील, आणि त्यात अपमान नसतो. माझंही तसंच होतं. मी त्यांना शिव्या घालायची, ते मला तूतू करायचे, आणि आमचं बरं चाललेलं होतं.

पोड उठणं ही त्यांची जुनी चाल. एखाद्या जागी रोगराई आली, लागोपाठ माणसं गेली, तर जागा रुसली असं समजायचं. सगळ्यांनी बसून ठरवायचं, छपरं उतरवायची आणि अख्ख्या वस्तीनं चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. आम्हा सरकारी माणसांना ही चाल म्हणजे डोकेदुखी. आज लस दिलेलं पोर उद्या कुठल्या डोंगरात शोधायचं?

त्या दिवशी तर माझा जीवच टांगणीला लागला, कारण परवा जिल्ह्याहून साहेब येणार होते. टेंभीपोडच्या वेशीवर 'आदर्श आरोग्य पोड' अशी पाटी लागणार होती. नऊ वर्षांत हगवणीनं एक मृत्यू नाही, एक पोर लशीवाचून नाही. ती पाटी पोडाची म्हणायची, पण खरी माझीच होती. खोटं कशाला बोलू? रंगवून आलेली पाटी मी आदल्या आठवड्यात केंद्रावर दोनदा कापड बाजूला करून बघितली होती.

"खाली उतर आधी," मी म्हणाले. "उतर म्हणते ना!"

मारू उतरला. पन्नाशीचा, किडकिडीत, डोळे लहान पण फार शांत. हा माणूस माझा शब्द खाली पडू देत नसे. नऊ वर्षांपूर्वी ह्याच पोडात हगवणीची साथ आली. आठ दिवसांत दोन पोरं गेली आणि एक म्हातारा गेला. तेव्हाही पोड उठायला निघाला होता, तेव्हाही छपरं उतरली होती. मी नवीन होते, अंगात रग होती. वाटेत आडवी उभी राहिले आणि म्हणाले, जागा रुसलेली नाही, तुमचं पाणी घाण आहे. तुम्ही नाल्याच्या वाळूत झिरा खणून पिता, त्यातच गुरं, त्यातच अंघोळ. मी तुम्हाला हापशी आणून देते, तुम्ही उठू नका.

हापशीसाठी मी किती उंबरे झिजवले ते माझं मला माहीत. तीन महिन्यांत मशीन वर चढलं. दोनशे फुटांवर पाणी लागलं, काचेसारखं. मारूनं नारळ फोडला आणि पहिला लोटा मला दिला. मग मी सगळ्यांना घेऊन नाल्यावर गेले आणि तो झिरा दगडांनी बुजवून टाकला. स्वतःच्या हातांनी पहिला दगड टाकला.

त्याच आठवड्यात पोडात दोन मुली जन्मल्या. एक मारूची रेणू, दुसरी लचमाबाई कोडापेची सोमी. दोघींची नाळ मीच कापली.

"सांग आता," मी मारूला म्हणाले. "नऊ वर्षांत कुणी मेलं?"

"नाई."

"हगवण लागली?"

"नाई."

"मग कशाला रुसली तुझी जागा? कुणी सांगितलं?"

मारूनं घराकडे तोंड करून हाक मारली, "रेणू! बाई आली, ये व माय."

रेणू दारातून बाहेर आली. तीन महिन्यांपूर्वी मी तिला शाळेच्या ओट्यावर बसलेली पाहिली होती. चालताना पाहिलं नव्हतं. आता ती चालत आली. दोन्ही गुडघे आत वळलेले, एकमेकांना घासत होते आणि पावलं दोन बाजूंना फेकली जात होती. बारा-पंधरा पावलांचं अंगण, ते ओलांडताना पोरगी दोनदा थांबली. एक हात तिनं तोंडावर धरला होता.

"कधीपासून?"

"पयले पाय दुखत होते," भिमाक्का पहिल्यांदा बोलली. "मंग पावसाळ्यापासून वाकून राह्यले. बोरीच्या पोराचे बी तसेच. जंगूच्या पोरीचे बी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगतलं होतं. तू म्हणली, वाढीचं दुखणं हाय. पाणी जास्त पाजत जा म्हणली."

म्हणाले असेन. अकरा गावांत दिवसाला पन्नास आया पोरांचे पाय दुखतात म्हणून सांगत. मी घाईत काय काय बोलत असे त्याचा हिशेब कोण ठेवणार?

"हे मुडदूस आहे," मी ठणकावून सांगितलं. "हाडांना चुना कमी पडतो. गोळ्या देते, अंडी खायला घाला, उन्हात बसवा. जागेचा काय संबंध? जागा बदलून पाय सरळ होतात का रे नाईक? असं असतं तर दवाखाने कशाला बांधले असते, नुसत्या बैलगाड्या ठेवल्या असत्या!"

दोन-चार बाया हसल्या. मारू हसला नाही. "अंडी कुठून आणू, बाई?" एवढंच म्हणाला.

मी रेणूला जवळ ओढलं. "आणि तू तोंड का झाकतेस? ब्रश दिला होता ना तुला? दाखव बघू."

तीन महिन्यांपूर्वी शाळेत तपासणी केली तेव्हा तिचे पुढचे दात पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पिवळे-तपकिरी पट्टे, मधे खवले. सगळ्या पोरांदेखत मी तिला बोलले होते, नाईकाची पोर ना गं तू, आणि तोंड असं? तंबाखूची नस घासतेस की खर्रा खातेस? तिला माझ्या पिशवीतला एक नवा ब्रश दिला होता. पोरं फिदीफिदी हसली होती.

रेणूनं हात बाजूला केला. दात तसेच होते, उलट जास्तच काळपट. पण हिरड्या लालभडक सोललेल्या होत्या.

"मी रोज घासून राह्यली, बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "राखेनं बी घासले. रेतीनं बी."

"रक्त निघते तरी आयकत नाई," भिमाक्का म्हणाली. "बाई कावली म्हणते."

मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. खरं सांगायचं तर तेव्हा मला पाटी दिसत होती. मी ठरवलं की ह्यांना आत्ताच्या आत्ता पटवून द्यायचं, की दोष ह्यांच्या खाण्यापिण्यात आहे, जागेत नाही. सहा-सात वर्षांवरची सगळी पोरं आणा म्हणाले. दहा पोरं हापशीच्या ओट्यावर ओळीनं बसवली आणि एकेकाचं तोंड उघडून बघू लागले.

पहिल्याचे दात पट्ट्यापट्ट्यांचे. दुसरीचे तसेच. तिसऱ्याचे खवले पडलेले. बापरे, काय हे! शाळेत तपासणी केली त्या दिवशी चारच पोरं हजर होती, त्यामुळे मी चौघांवर ओरडून मोकळी झाले होते. इथं ओळीनं नऊ तोंडं एकसारखी निघाली. कुठं कमी, कुठं जास्त, पण रंग तोच. मी प्रत्येक तोंडागणिक आयांवर तोंडसुख घेत होते. "हे बघा, हे बघा! सगळीच्या सगळी खर्रा खातात! लाज नाही वाटत?"

"खर्रा कुठी भेटते इथी, बाई?" कुणीतरी मागून म्हणालं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दहावा पोरगा कवडू. त्याचे दात पांढरे. "हे बघा," मी त्याची हनुवटी धरून सगळ्यांना दाखवली, "ह्याला म्हणतात दात! काय रे, रोज घासतोस ना?"

"नाई," कवडू म्हणाला.

सगळे हसले. मीही नाइलाजानं हसले. "मग?"

"थो आमचा नोहे," भिमाक्का म्हणाली. "मागच्या होळीले आला थो मायसंगं, मामाच्या घरी. खाल्लाकडच्या गावचा हाय."

एक पोर कमी होतं. "सोमी कुठाय? लचमाची?"

लचमाबाई कोडापेचं घर पोडाच्या टोकाला, थोडं वेगळंच होतं. ते वेगळं पडण्यातही माझा हात होता. हापशी आली त्या दिवशी झिरा बुजवताना लचमा मधे पडली होती. मी तिला चारचौघांत 'घाणेरडी' म्हणाले होते. म्हणाले होते, तुझ्यासारख्या घाणेरड्या बायांमुळेच पोरं मेली. नंतर माझ्या कानावर आलं की ती अजून नाल्याचं पाणी भरते. मी मारूला बजावलं, तिच्याशी कुणी पाणी-विस्तवाचा व्यवहार ठेवू नका, तिच्या घरची हगवण तुमच्या घरी येईल. नाईकानं ऐकलं. माझा शब्द तो ऐकायचाच.

तेवढ्यात नाल्याच्या वाटेनं सोमी धावत आली. धावत! डोक्यावर चुंबळ, हातात पाण्याचा गुंड, गुडघ्यापर्यंत पाय ओल्या वाळूनं माखलेले. सगळी पोरं ओळीत बसलेली बघून तिला मजा वाटली असावी. ती उभ्या उभ्या खदखदून हसली, आणि त्या हसण्यात तिचे सगळे दात दिसले.

ते दात बघून मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला. बाकी काही डोक्यात शिरलंच नाही.

"नाल्यावरून आलीस?"

"हो."

"झिरा आहे अजून? कुणी खणला?"

सोमीनं मागे पाहिलं. "मायनं."

"चल, दाखव मला!"

मारू 'बाई, राहू दे' म्हणत होता, पण मी लशींचा डबा भिमाक्काच्या हातात कोंबला आणि तरातरा निघाले. परवा साहेब नाला बघायला उतरले असते तर? आदर्श पोडात उघड्या वाळूतला झिरा! नऊ वर्षांची मेहनत पाण्यात गेली असती.

नाला कोरडा होता. मधोमध वाळूत कमरेइतका खोल झिरा, भोवती काट्यांचं कुंपण, वर सागाची पानं झाकलेली. लचमाबाई काठावर बसून गुंडावर लुगड्याचं फडकं धरून पाणी गाळत होती. चाळिशीची बाई, चेहरा राकट, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिचा नवरा आंध्रात बांबू तोडायला जायचा, ही इथं एकटीच पोरगी सांभाळायची.

"लचमाबाई! नऊ वर्षं झाली, तुला माझं सांगणं कळलं नाही?"

"कळलं ना. मले आयकाचं नव्हतं."

"का?"

तिनं गाळायचं थांबवलं. "तू मले चार लोकांत घाणेरडी म्हणली. म्हणली ना? मंग तुया हापशीले मी तोंड लावू? मी नाई लावलं, माया पोरीनं बी नाई लावलं. तहानेनं मरीन पण त्या पाण्याचा घोट घेनार नाई, अशी आन घेतली मी."

"अगं पण पोरगी मेली असती ना!"

"काहून मरन? फडक्यानं गाळतो, निवळीची बी घासतो, गाळ खाली बसते. आन तुयं एक आयकलं. उकडून पेतो."

मी तिचं पुढचं ऐकलं नाही. काठावरचा एक दगड उचलला आणि झिऱ्याच्या तोंडाशी गेले. दगड डोक्यावर धरून उभी होते मी, तेव्हा माझी जीभही हाताइतकीच चालत होती. गॅस्ट्रो, कावीळ, नारू, जे रोग आठवतील ते सगळे तिला सुनावत होते.

लचमा उठली नाही, की माझा हात धरला नाही. "बुजव," म्हणाली. "रातच्याला परत खणीन. पण आंधी मले एक सांग. घाणेरडं पाणी पेनारी माईच एक पोरगी. मंग माया पोरीचे दात असे काहून, आन तुया साऱ्या पोट्ट्याईचे तसे काहून?"

तिला उत्तर माहीत होतं म्हणून तिनं विचारलं नव्हतं. ती फक्त मला टोचत होती. नऊ वर्षांचा सूड एका वाक्यात उगवत होती बिचारी. पण माझे हात तिथंच थांबले.

सोमी पितेय झिऱ्याचं. कवडू आला मागच्या होळीला, त्याच्या आधी तो दुसऱ्या गावचं पाणी प्यायला. उरलेली नऊ पोरं हापशीची. जन्मल्यापासून हापशीची. आणि सगळ्यांत जास्त पाणी कुणाला पाजलं? नाईकाच्या रेणूला. मी सांगितलं म्हणून.

कधीतरी जिल्ह्याला प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी चित्रं दाखवली होती. जेवणानंतरचा तास होता, निम्म्या बाया डुलक्या काढत होत्या, मीही त्यांतलीच. काही ठिकाणी खोल खडकातल्या पाण्यात एक क्षार असतो. दिसत नाही, चव लागत नाही, उकळून जात नाही. आधी वाढत्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणतो, मग हाडं वाकवतो. ज्यांच्या पोटात दूध-भाजी नाही त्यांना आधी धरतो. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि पुढच्या पानावर भत्त्याचा अर्ज लिहिला होता.

हापशी बसली तेव्हा पाणी तपासलं होतं का? तपासलं होतं. जंतूंसाठी. 'पिण्यास योग्य' असा कागद मीच फाईलला लावला होता. खडकातून काय येतं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

दगड माझ्या हातातून कसा पडला, कळलं नाही. झिऱ्यात नाही, माझ्याच पायावर पडला. अंगठ्याचं नख उपटलं. मला दुखलं नाही. मी वाळूत बसले आणि लचमाकडे बघत राहिले.

"काय झालं व?" लचमा घाबरली. "बाई? घेरी आली काय? सोमी, पाणी आण!"

सोमीनं गाळलेल्या पाण्याचा लोटा माझ्या तोंडाला लावला. मी प्यायले. त्या झिऱ्याचं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा प्यायले.

"लचमा," मी म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"हापशीच्या पाण्यानं होतंय हे. दात. पाय. सगळं."

तिचा राकट चेहरा एकदम पडला. सूड-बीड सगळं गळून गेलं. "माय गं!" ती म्हणाली. "मले माईत असतं तं मी दारोदार बोंबलत फिरली असती ना, बाई! मी तं रागानं पेत नव्हती. निस्ती रागानं!"

आम्ही दोघी वर आलो. ती पुढे आणि मी मागून लंगडत. पोड तसाच हापशीभोवती बसला होता. एक बाई हापशीवर पाणी भरत होती, खाली तिचं लहान पोर ओंजळीनं पाणी तोंडात घालत होतं. मी धावत गेले आणि ते पोर उचलून बाजूला ठेवलं. ते घाबरून रडू लागलं. हापशीचा दांडा दोन्ही हातांनी धरून मी उभी राहिले. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना. माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला!

"नाईक," शेवटी मी म्हणाले, "हे पाणी पिऊ नका. कुणीच नका. थेंबही नको."

"काहून?"

"पोरांचे पाय ह्या पाण्यानं वाकले. दातही ह्यानंच. खर्रा नाही, काही नाही. हे पाणी."

मारूनं हापशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत राग शोधत होते मी. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक शिवी हासडली असती, थोबाडीत मारली असती, तर मी घेतली असती.

"पण हे तं चांगलं पाणी हाय," तो सावकाश म्हणाला. समजूत घातल्यासारखं. "तू सांगतलं होतं."

"हो. मीच सांगितलं होतं."

"मी हिले," भिमाक्का मधेच बोलली. तिचा हात रेणूच्या डोक्यावर होता. "मी हिले रोज दोन लोटे जास्त पाजले. नाई म्हणे तं नाक दाबून पाजले. तू म्हणली म्हून. उकडून पाजले, बाई! बाकीच्या घरी कोणी उकडत बी नव्हते. मी उकडून..."

ती मटकन खाली बसली आणि लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून हमसू लागली. सगळ्या पोडात जिनं माझं सगळ्यांत जास्त ऐकलं, तिच्याच पोरीचे पाय सगळ्यांत जास्त वाकले होते. आणि जिनं माझं ऐकलंच नाही, तिची पोर नाल्यावरून धावत आली होती. हे मी आज इतक्या शांतपणे लिहितेय. तेव्हा हापशीचा दांडा माझ्या हातून सुटत नव्हता.

लचमा पुढे झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती हापशीच्या ओट्याजवळ आली. भिमाक्काच्या शेजारी बसली, कमरेवरचा गुंड खाली ठेवला आणि म्हणाली, "पे व. गाळलेलं हाय."

भिमाक्कानं आधी रेणूला पाजलं.

मारू अजून उभाच होता. मग माझ्याजवळ आला आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "मंग बाई, आता तरी उठू का?"

त्याची जागा, त्याची पोरं, त्याच्या आज्याची चाल. नऊ वर्षांपूर्वी त्याला कळलं होतं की इथून उठावं. आताही त्याला माझ्याआधी कळलं होतं. आणि तो माझी परवानगी मागत होता! सकाळपासून अर्धं घर उतरवून तो त्या परवानगीसाठीच थांबला होता.

"ऊठ, नाईक," मी म्हणाले. "आत्ताच ऊठ. पण तिथल्या झिऱ्याचं पाणी गाळून, निवळून, उकळून प्या. कसं ते लचमा सांगेल. तिचं ऐका."

"तुयं नाई?"

"माझं नको."

दुपार कलायच्या आत पोड उठला. लाकडी बल्ल्या खांद्यावर, कवेलू टोपल्यांत, कोंबड्या पायाला बांधून काखेत. कवेलूंची एक टोपली मीही वेशीपर्यंत डोक्यावर नेली. सगळ्यांच्या पुढं मारू आणि त्याच्या शेजारी लचमा, वाट दाखवत. रेणूला चालवत नव्हतं. बापानं तिला खांद्यावर बसवलं होतं, नऊ वर्षांच्या थोरल्या पोरीला, आणि तिचे वाकडे पाय त्याच्या छातीवर लोंबत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन बाटल्यांत पाणी भरून मी स्वतः जिल्ह्याला गेले. हापशीच्या पाण्यात तो क्षार चालतो त्याच्या चौपट निघाला. ठरल्या दिवशी साहेब पाटी लावायला आले, तेव्हा टेंभीपोडात उघड्या भिंती होत्या आणि एक मांजर होतं. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी लिहिला तो दोनच ओळींचा होता. हापशीला 'पिऊ नये'चा लाल रंग लागायला आणखी सात महिने गेले. तोवर तिचा दांडा माझ्या खाटेखाली होता. पोड उठला त्या दिवशी मारूच्या पहारीनं तो मी काढून आणला होता. पोडात कुणी राहिलं नव्हतं, पण वाटसरूलाही तहान लागते.

पण मला आठवतं ते ह्यातलं काही नाही. वेशीवर मी टोपली दुसऱ्या बाईच्या डोक्यावर दिली आणि बाजूला उभी राहिले. माणसं माझ्यासमोरून जात होती. उठलेला पोड मागे वळून बघत नाही, तशी कुणी मान वळवली नाही. फक्त रेणू बापाच्या खांद्यावरून वळली. तिच्या मुठीत मी दिलेला ब्रश होता. त्याचे केस झिजून पार बुडाला लागले होते.

"बाई!" ती ओरडली. "तथी बी रोज घासीन मी! पांढरे झाले का तुले दाखवाले येईन!"

ते कधी पांढरे होणार नव्हते. मला माहीत होतं, तिला नव्हतं.

"ये," मी म्हणाले.

तिनं तोंडावर हात धरला आणि हसली.